बाथरूमचं बजेट : आधी भिंतीच्या आतलं

बाथरूमचं बजेट टाइल्सच्या दुकानात बसून ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. दुकानात जे दिसतं त्याचाच आपण हिशेब करतो, आणि बाथरूममध्ये मोठा पैसा जातो तो न दिसणाऱ्या गोष्टींवर. पाइप, वॉटरप्रूफिंग, गिलावा, तोडफोड, राडारोडा उचलणं, यातलं काहीच शोरूममध्ये मांडून ठेवलेलं नसतं.

आमचं जुनं बाथरूम पूर्ण उखडून नव्याने करायचं ठरलं, त्याची कारणं दोन. खालच्या घराच्या छताला ओल येऊ लागली होती, आणि बाबांना आता चालताना काठी लागते. माझं रोजचं काम हिशेबाचं, म्हणून वही माझ्याकडे आली. भावाला भिंतीवर टांगलेला कमोड हवा होता, वहिनीला छतापर्यंत टाइल्स हव्या होत्या. आईचं म्हणणं एवढंच की पाणी कुठे साचता कामा नये. रक्कम ठरलेली होती आणि ती वाढणार नव्हती.

मी वहीत प्रत्येक खर्चापुढे एकच प्रश्न लिहिला : पाच वर्षांनी हे बदलायचं झालं तर फोडावं लागेल का? उत्तर ‘हो’ आलं की ती ओळ पहिल्या पानावर, ‘नाही’ आलं की दुसऱ्या. पहिल्या पानावर कुठेही हात आखडायचा नाही आणि तिथून उरेल ते दुसऱ्या पानाला, असा नियम घातला. पाइप, ट्रॅप (जमिनीतलं पाणी निघून जायचं तोंड), वॉटरप्रूफिंग, जमिनीचा उतार, भिंतीतल्या वायरी आणि टाइल्सखालचा गिलावा पहिल्या पानावर गेले. नळ, शॉवर, बेसिन, आरसा, दिवे, कपाट हे सगळं दुसऱ्यावर. बेसिन नावडतं झालं तर एका दुपारी बदलता येतं. नहाणी ट्रॅप चुकीच्या उंचीवर बसला तर अख्खी जमीन पुन्हा उखडावी लागते.

सगळ्यात आधी ठरवायला हवं ते कमोडच्या जागेचं. बेसिन किंवा शॉवर हलवायचा तर खर्च मर्यादित राहतो, कारण त्यांचे पाइप बारीक असतात. कमोडचा पाइप ४ इंची, आणि त्यातून मैला वाहून जायला पुरेसा उतार लागतो. १ ला ४० हे प्रमाण धरलं तर ३ मीटर लांब पाइपला ७५ मिलिमीटर, म्हणजे ३ इंच उतार झाला. ही ३ इंच खोली कुठून तरी आणावी लागते. स्लॅब आधीच खोलगट असेल तर ठीक, नाहीतर जमीन उचलावी लागते, दाराशी पायरी होते, आणि काठी घेऊन चालणाऱ्या माणसासाठी ती पायरी म्हणजे रोजचा धोका. आम्ही कमोड होता तिथेच ठेवला. बजेटमधली सगळ्यात मोठी बचत या एका निर्णयातून झाली.

भावाच्या टांगत्या कमोडवर बरीच चर्चा झाली. तो मजबूत नसतो ही भीती निराधार आहे. युरोपीय मानकानुसार अशा कमोडवर ४०० किलो भार देऊन चाचणी घेतात. खालची जमीन पुसायला मोकळी मिळते, हाही मोठा फायदा. पण त्यासोबत भिंतीत बसणारी लोखंडी फ्रेम येते, लपवलेली टाकी येते, पुढे नवी भिंत बांधावी लागते, खोलीची काही इंच रुंदी जाते आणि आमच्याकडे जमिनीतून निघणारी जुनी जोडणीही बदलावी लागली असती. हे सगळं पहिल्या पानावरचं होतं आणि तिथे त्याच्यापेक्षा निकडीची कामं रांगेत होती. आकडे समोर ठेवल्यावर भावाने स्वतःच ती ओळ खोडली.

वॉटरप्रूफिंगवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याच ओळीवर लोक हात आखडतात. टाइल्स लावल्या म्हणजे पाणी अडलं, असं बहुतेकांना वाटतं. टाइल पाणी अडवते हे खरं, पण दोन टाइल्समधल्या सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं आणि त्यातून थोडं थोडं पाणी खाली झिरपत राहतं. ते अडवायचं काम टाइल्सखालच्या थराचं. कोटिंग जमिनीवर सगळीकडे आणि भिंतीवर किमान एक फूट वर चढवायचं, शॉवरच्या भिंतींना ६ ते ७ फूट. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात तडा आधी जातो, म्हणून तिथे गोलसर वाटा (सिमेंटची गोलाई) मारून वर जाळीची पट्टी. पाइप जमिनीतून वर येतो त्याच्या भोवतीही तसंच. दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि दोन्हींच्या मध्ये सुकायला वेळ.

मग पाणी भरून पाहायचं. ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि निदान २४ तास, जमल्यास ४८ तास, हात लावायचा नाही. बाष्पीभवनाने थोडी पातळी उतरते, तेवढं चालतं. खालच्या छतावर ओलीचा डाग दिसला तर काम पुढे सरकवायचं नाही. या चाचणीला साहित्याचा खर्च जवळजवळ शून्य, फक्त मजुरांचे दिवस रिकामे जातात. म्हणूनच ती दरपत्रकात आधी लिहून घ्यावी लागते. मी मिस्त्रींना म्हटलं, “दोन दिवस पाणी ठेवायचंय, तेवढे दिवस धरूनच दर सांगा.” ते म्हणाले, “ताई, ठेवा की. मलाही खालून बोलावणं आलेलं नकोच आहे.” आमचं तिथेच जमलं.

पाइपांचीही अशीच चाचणी असते. भिंतीत पाइप बसले, पण खाचा अजून बुजवल्या नाहीत, अशा वेळी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब द्यायचा आणि काटा खाली येतो का ते पाहायचं. गिलाव्याआधी सापडलेली गळती म्हणजे एक जोड बदलणं. टाइल्सनंतर सापडली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. गरम पाण्याच्या लाइनला साधा पीव्हीसी अजिबात नको, सीपीव्हीसी किंवा पीपीआर हे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप घ्या. जुने लोखंडी पाइप असतील तर ‘अजून चालतायत’ म्हणून अर्धे ठेवायचा मोह टाळा. ते आतून गंजून अरुंद होत जातात. आमचा एक पाइप कापला तेव्हा आत बोट जाईल एवढीही जागा उरली नव्हती. शॉवरला पाण्याचा जोर का नाही, याचं अनेक वर्षांचं कोडं तिथे सुटलं.

फरशी निघेपर्यंत कुठलंही बजेट हा अंदाजच असतो, म्हणून राखीव रक्कम हवीच. नव्या इमारतीत १० टक्के पुरतील, जुन्या घराला मी २० टक्क्यांच्या खाली जाणार नाही. ही रक्कम वेगळी काढायची आणि टाइल्स निवडताना ती आपल्याकडे आहे हे विसरून जायचं. आमच्याकडे ट्रॅपच्या भोवतीचं काँक्रीट पोकळ झालेलं निघालं. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि भोवतीचं काँक्रीट फोडतो. ते खरवडणं, सळईला गंजरोधक लावणं, पुन्हा भरणं यात राखीव रकमेचा निम्म्याहून जास्त भाग गेला. रक्कम बाजूला होती म्हणून त्या दिवशी घरात वाद झाला नाही, काम थांबलं नाही.

आता टाइल्स. इथे आकडेमोड सोपी आहे आणि तरीही फार कमी लोक ती स्वतः करतात. ८ बाय ५ फुटांचं बाथरूम घ्या. चार भिंतींची मिळून लांबी २६ फूट. ७ फुटांपर्यंत टाइल्स लावल्या तर १८२ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातचं दार, म्हणजे साडेसतरा, आणि दोन बाय दोनची खिडकी, म्हणजे चार वजा केले की १६० च्या थोडं वर. जमीन ४० चौरस फूट. एकूण साधारण २००. सरळ मांडणीला १० टक्के जास्त घ्यावं लागतं, तिरप्या मांडणीला १५ टक्के, कारण कापण्यात वाया जातं. भिंतीचं आणि जमिनीचं वेगवेगळं मोजायचं, कारण टाइल्स वेगळ्या असतात आणि बॉक्स अर्धा मिळत नाही. भिंतीला १७७ आणि बॉक्स १० चौरस फुटांचा असेल तर १८ बॉक्स. जमिनीला ४४, म्हणजे ५ बॉक्स.

यावरून वहिनीला छतापर्यंतच्या टाइल्सचा हिशेब दाखवता आला. छत ९ फुटांवर असेल तर वरच्या दोन फुटांसाठी आणखी ५२ चौरस फूट लागतात. म्हणजे टाइल्स सव्वापट, लावायची मजुरी सव्वापट, चिकटवायचं साहित्य सव्वापट. आणि त्या उंचीवर पाणी उडतच नाही. तिथे ओलसरपणाला टिकणारा रंग पुरतो, आणि चार-सहा वर्षांनी मन भरलं तर तोच रंग बदलता येतो. वहिनी हिशेबाला फार पक्की आहे, तिने लगेच मानलं. त्या पैशांतून जमिनीच्या टाइल्स एक दर्जा वरच्या घेतल्या.

जमिनीच्या टाइल्ससाठी तो दर्जा आवश्यकच होता. घसरण्याविरुद्धची पकड मोजायची एक जर्मन पद्धत आहे, त्यात आर ९ ते आर १३ अशा श्रेणी असतात. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. ओल्या जमिनीसाठी मी आर १० च्या खाली जाणार नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर आर ११ पाहावी, मात्र तिचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि घासायला थोडे जास्त कष्ट पडतात, हे मान्य करून. बॉक्सवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ही श्रेणी लिहिलेली असते. दुकानात कोरड्या टाइलवर बोट फिरवून काहीच कळत नाही.

मोठ्या आकाराच्या टाइल्स छोट्या बाथरूमला महाग पडतात, त्या दरात स्वस्त दिसल्या तरी. कापण्यात जास्त जातं, लावायला दोन माणसं लागतात, आणि जमिनीला चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतार द्यायचा तर मोठी टाइल वळत नाही, कापावीच लागते. उतार दर मीटरला १० ते २० मिलिमीटर तरी हवा. आईची पाणी न साचण्याची अट इथे, या काही मिलिमीटरांत पूर्ण होते.

चिकटवण्याच्या साहित्याचा हिशेब बहुतेक दरपत्रकांत ‘इतर’ या एका शब्दात गुंडाळलेला असतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. त्यामुळे नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही, तिला पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्हच लागतं. २० किलोची गोणी ३ मिलिमीटर जाडीच्या थराला साधारण ४५ ते ५० चौरस फूट पुरते. म्हणजे आमच्या २०० चौरस फुटांना ४ ते ५ गोण्या. पण भिंत ओळंब्यात नसेल तर मिस्त्री ती तूट अ‍ॅडहेसिव्हने भरून काढतात, थर ६ मिलिमीटरचा होतो आणि गोण्या दुप्पट. त्यापेक्षा आधी गिलावा सरळ करून घेणं स्वस्त. गिलावा केला की तो सात दिवस ओला ठेवायचा. हे दिवसही वेळापत्रकात धरा, कारण तेवढा काळ अंघोळीची सोय दुसरीकडे करावी लागते आणि तिचाही काही ना काही खर्च असतोच.

ग्राउट मी शॉवरच्या भागात आणि जमिनीला एपॉक्सीचं घेतलं, बाकी भिंतींना सिमेंटचं. एपॉक्सी बरंच महाग पडतं, पण ते पाणी शोषत नाही, काळं पडत नाही. सगळीकडे लावायची गरज नव्हती.

मजुरीबद्दल. आमच्या एकूण खर्चात एक तृतीयांशाहून जास्त वाटा मजुरीचा झाला, आणि मला तो योग्य वाटतो. गुडघ्यावर बसून, ओल्या सिमेंटात हात घालून, पाणसळ लावत मिलिमीटरचा उतार काढणाऱ्या माणसाचं ते मोल आहे. दर कमी करायला घासाघीस करण्यापेक्षा कामाची यादी पूर्ण करण्यावर जोर द्यावा. मी एकच लेखी यादी सगळ्या ठेकेदारांना दिली आणि प्रत्येक ओळीपुढे ‘धरलंय’ किंवा ‘नाही’ लिहून मागितलं. सगळ्यात कमी रकमेच्या दरपत्रकात तोडफोड होती, पण राडारोडा खाली उतरवून नेणं नव्हतं. दाराची चौकट नव्हती. नळ बसवण्याची मजुरी पॉइंटनुसार वेगळी होती. हे सगळं मिळवल्यावर ते दरपत्रक मधल्याच्याही वर गेलं. राडारोड्याची तर खास चौकशी करा. फोडलेला माल जागेवर होता त्यापेक्षा खूप जास्त जागा व्यापतो, आणि वरच्या मजल्यावरून तो पोत्यांत भरून उतरवायचा तर ते स्वतंत्र कामच आहे.

बाबांसाठी जे केलं त्याचा खर्च सगळ्या बजेटमध्ये नगण्य होता, आणि ते मला सगळ्यात जास्त मोलाचं वाटतं. कमोड १८ इंच उंचीचा घेतला, नेहमीच्यापेक्षा दोन-तीन इंच उंच, म्हणजे उठताना गुडघ्यावर जोर येत नाही. दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं आणि मदतीला जाणं कठीण होतं. कमोडच्या बाजूला जमिनीपासून ३४ इंचांवर आधाराचा दांडा, शॉवरपाशी दुसरा. हे दांडे कधीतरी पुढे लावू असं म्हणू नये. पोकळ विटेत किंवा टाइलमागच्या पोकळ जागेत स्क्रू धरत नाही, आणि दांड्यावर माणसाचं पूर्ण वजन येतं. भिंत उघडी असतानाच त्या जागा भरीव करून घ्याव्या लागतात. घरात आज कुणी म्हातारं नसलं तरी तेवढी जागा भरीव करून ठेवा, खर्च जवळजवळ काहीच नाही. काठी भिंतीला टेकवून दांड्याला धरत बाबा एकटे आत जातात आणि दार लावून घेतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसऱ्या पानावर थोडक्यात. नळ पितळी घ्या, हातात वजन कळतं, आणि त्याचं कार्ट्रिज, म्हणजे आतला उघड-बंद करणारा भाग, सुटं मिळतं का ते विचारा. भिंतीत लपवलेला डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा) घेणार असाल तर तो पहिल्या पानावरचा खर्च आहे हे विसरू नका. त्याची बॉडी एकदा भिंतीत गेली की पुढची सगळी सजावट त्याच कंपनीची घ्यावी लागते. आम्ही भिंतीवर दिसणारा साधा मिक्सर घेतला. फ्लशची टाकी ३ आणि ६ लिटरच्या दोन बटणांची. जुनी टाकी १० लिटरची धरली आणि चार माणसांनी दिवसातून पाच वेळा वापरली तर २०० लिटर पाणी जातं. नव्या टाकीत प्रत्येकी एकदा मोठं बटण आणि चारदा छोटं धरलं तर ७२ लिटर. एवढा फरक दररोज पडत असताना टाकी जुनी ठेवण्यात बचत नाही. विजेच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच ती तोडणारा स्विच) हवाच, ओल्या जागेत त्याला पर्याय नाही, आणि त्याचं नाव खर्चाच्या यादीत कुणी आपणहून घालत नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि टप्पे तारखेला बांधू नका, कामाला बांधा. आम्ही एक हप्ता तोडफोडीनंतर दिला, एक पाण्याच्या चाचणीनंतर, एक टाइल्स संपल्यावर. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढला, म्हणजे पुढे कुणी खिळा ठोकायला निघालं तर पाइप नक्की कुठे आहे ते पाहता येईल. दोन्ही प्रकारच्या टाइल्सचे न वापरलेले तुकडे आणि बॅच नंबर जपून ठेवलाय, कारण पुढच्या बॅचची छटा जुळेलच असं नसतं.

शेवटचे १० टक्के बाथरूम दोन आठवडे वापरून झाल्यावर द्यायचे ठरले होते. त्या काळात मी काठीच्या मुठीने एकेक टाइल ठोकून पाहिली. खिडकीखाली दोन पोकळ वाजल्या, आणि बेसिनखालचा अँगल कॉक थेंबथेंब गळत होता. मिस्त्रींनी दोन्ही एका सकाळी नीट करून दिलं आणि तिथेच त्यांचा हिशेब पूर्ण केला. राखीव रकमेतून थोडं उरलं होतं. खोलीचं घनफळ ३६० घनफूट, ताशी आठ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला ४८ घनफूट हवा ओढणारा एक्झॉस्ट फॅन लागतो. तो बजेटमध्ये होताच, उरलेल्या पैशांतून त्याला टायमर लावला. अंघोळीनंतर तो वीस मिनिटं आपोआप चालू राहतो.